तुटण्यासाठीच घडविलेली खीळ

यंत्राचा प्रत्येक भाग जितका बळकट, तितके ते यंत्र उत्तम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून जी खीळ ठोकलेली असते ती तुटली, तर चाक निखळून गाडी कलंडेल. म्हणून ती खीळ भक्कमच असावयास हवी. परंतु यंत्रांच्या जगात अशीही एक खीळ आहे, की जी कारखानदार हेतुपुरस्सर कच्ची ठेवतो. ठराविक मर्यादेपलीकडे जोर आला की तिने तुटावे, हेच तिचे काम. कारखान्यांत व शेतांवर तिला ‘शिअर पिन’ म्हणतात. कातरीच्या दोन पात्यांमध्ये कागद कापला जावा तशी ती कापली जाते. म्हणून या लेखापुरते आपण तिला ‘कातरखीळ’ म्हणू.

काम अडले म्हणजे ‘कामाला खीळ बसली’ असे म्हणण्याची आपल्या भाषेत रीत आहे. येथे सारा उलटा कारभार! खीळ गेली की काम अडते. पेरणीची घाई असावी, आभाळ भरून यावे, आणि नेमकी त्याच वेळी ही बोटाएवढी खीळ तुटावी, असे दोनतीनदा झाले की शांत स्वभावाचा माणूसही चिडतो. आणि हाताशी लागेल तो जाड बोल्ट तिच्या जागी ठोकून देतो. मग खीळ तुटत नाही. तुटते ते दुसरेच काही तरी. ही खीळ वारंवार तुटू नये यासाठी काय करावे, आणि काय मुळीच करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुद्दाम दुबळा ठेवलेला भाग आपल्या घरातही असतो. पूर्वी घरोघरी विजेच्या पाटीवर चिनीमातीचे फ्यूज असत व त्यांत बारीक तार असे. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की ती तार वितळे आणि घरातील तारा जळण्यापासून वाचत. तार फार वेळा जाते म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणारे महाभाग तेव्हाही होते! आज फ्यूजची जागा बहुतेक ठिकाणी एम.सी.बी.ने घेतली आहे. परंतु स्वयंपाकघरातील कुकरच्या झाकणावर ती लहानशी सुरक्षा-झडप अजून आहे. कुकरमधील पाणी आटून तो तापला, किंवा शिटीचे भोक बंद झाले, की ती वितळते व वाफेला वाट करून देते. ती गेली म्हणून आईला नवी आणावी लागते, हे खरे. पण झाकण छताला आदळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. कातरखीळ म्हणजे फिरत्या यंत्राचा फ्यूजच होय.

या खिळीचे एक मोठे उदाहरण भोपाळच्या रहिवाशांना अगदी जवळचे आहे. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली, आणि ब्रिटनमधील ‘असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज’च्या तांत्रिक साहाय्याने आपल्या शहरात तिचा कारखाना उभा राहिला. १९७४ मध्ये ती ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’मध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथील कित्येक मराठी घरांतील माणसे या ‘भेल’मध्ये नोकरीस होती व आहेत. तेथे जलविद्युत् केंद्रांसाठी टर्बाइने तयार होतात. फ्रान्सिस जातीच्या टर्बाइनात फिरत्या चक्राभोवती वीस-चोवीस उभ्या पात्यांचे कोंडाळे असते. झरोक्याच्या तिरप्या पट्ट्या मिटाव्यात किंवा उघडाव्यात त्याप्रमाणे ही पाती एकाच वेळी फिरतात, आणि चक्रावर किती पाणी सोडावयाचे ते ठरवितात. प्रत्येक पाते एका तरफेने एका प्रचंड लोखंडी कड्याशी जोडलेले असते. कडे थोडेसे फिरविले की सगळी पाती फिरतात. आता अशी कल्पना करा, की जाळीतून निसटलेला एखादा ओंडका दोन पात्यांच्या मध्ये अडकला आहे. ते एक पाते मिटू शकत नाही; ते मिटत नाही म्हणून कडे फिरत नाही; आणि कडे फिरत नाही म्हणून उरलेली सारी पाती उघडीच राहतात. त्याच क्षणी यंत्रावरील विजेचा भार नाहीसा झाला, तर पाण्याच्या लोटाने चक्र भरमसाट वेगाने गरगरू लागेल. हा अनर्थ टाळण्यासाठी प्रत्येक तरफेत एक कातरखीळ बसविण्याची पद्धत आहे. अडकलेल्या पात्याची खीळ तुटते, ते पाते कड्यापासून सुटे होते, आणि बाकीची निमूटपणे मिटतात. काही यंत्रांत ही खीळ पोकळ करून तिच्यातून तार ओवलेली असते. खीळ तुटली की तार तुटते व नियंत्रणकक्षात इशारा होतो. (कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन जातीची चक्रे आहेत. त्यांवर पाण्याचा फवारा तोटीतून मारला जातो. सबब तेथे पात्यांचे हे कोंडाळे नाही. कोळकेवाडीच्या तिसऱ्या टप्प्यातील टर्बाइने मात्र फ्रान्सिस जातीची आहेत.)

आता खीळ तुटते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. दोरी दोन्ही टोकांना धरून ओढली तर तिच्यावर ताण येतो. कातरीत कागद धरला तर ताण येत नाही. एक पाते कागदाचा एक भाग वर सारते, दुसरे पाते लगतचा भाग खाली सारते, आणि त्या दोहोंच्या सीमेवर कागद दुभंगतो. या जोराला कर्तनबल म्हणतात. फिरणाऱ्या दंडावर चाकाचा तुंबा बसविला, आणि दोहोंतून आरपार भोक पाडून त्यात खीळ घातली, म्हणजे दंड हे कातरीचे एक पाते झाले व तुंबा हे दुसरे. दंड म्हणतो ‘फीर’, अडकलेला तुंबा म्हणतो ‘फिरत नाही’, आणि या भांडणात खिळीचा बळी जातो. खीळ आरपार असल्यामुळे ती दोन ठिकाणी कापली जाते, हे लक्षात ठेवावे.

थोडे गणित करू. दंडाचा व्यास ३० मिलिमीटर आणि खिळीचा व्यास ६ मिलिमीटर आहे असे समजा. खिळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मिलिमीटर. साध्या मऊ पोलादाचा एक चौरस मिलिमीटर कापण्यास सुमारे ३०० न्यूटन बल लागते असे धरले, तर खीळ एका ठिकाणी कापण्यास सुमारे ८,५०० न्यूटन बल लागेल. ही दोन बले दंडाच्या दोन बाजूंस, एकमेकांपासून ३० मिलिमीटर अंतरावर, परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. तेव्हा दंडाचा पीळ, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत आघूर्ण, ८,५०० गुणिले ०.०३, अर्थात सुमारे २५५ न्यूटन-मीटर झाला की खीळ तुटेल. यंत्राच्या आतील दातेरी चाके, समजा, ४०० न्यूटन-मीटरपर्यंत टिकाव धरतात. मग चिंतेचे कारण नाही.

आता कोणी ६ मिलिमीटरच्या जागी भोक वाढवून ८ मिलिमीटरची खीळ घातली. ‘दोनच मिलिमीटर तर वाढविले!’ असे तो म्हणेल. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८ चा वर्ग ६४, ६ चा ३६. म्हणजे नव्या खिळीची ताकद जवळजवळ पावणेदोन पट झाली. ती आता सुमारे ४५० न्यूटन-मीटरला तुटेल. आणि ४०० न्यूटन-मीटरची दातेरी चाके तिच्याआधीच गेलेली असतील. काही रुपयांची खीळ वाचली, आणि सारी गिअर-पेटी उघडण्याची वेळ आली.

व्यास तोच ठेवून पोलाद बदलले तरी हाच घात होतो, आणि हा घात डोळ्यांना दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे उठविलेले असतात. त्यांतील पहिल्या अंकाला १०० ने गुणले म्हणजे ते पोलाद दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सहन करते ते कळते. ४.६ चा बोल्ट ४०० न्यूटन सहन करतो, ८.८ चा ८००. म्हणजे दिसावयास दोघे जुळे भाऊ. पण एकाची ताकद दुसऱ्याच्या दुप्पट. कारखान्याने ४.६ चा बोल्ट सांगितला असता दुकानदाराने ‘अधिक चांगला’ म्हणून ८.८ चा दिला, आणि आपण तो आनंदाने घेतला, तर आपण पैसे देऊन यंत्राचे संरक्षण काढून टाकले असे होते. तेव्हा या विद्यार्थ्यांनी दुकानातून बोल्ट आणताना त्याचे डोके वाचावयास शिकावे.

भोपाळ, सीहोर, विदिशा, रायसेन या भागांतील काळ्या जमिनीत सोयाबीन निघाल्यावर गव्हासाठी रान तयार करण्याची धांदल उडते. त्या वेळी ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरताना सर्वांनी पाहिला असेल. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असणारा पी.टी.ओ. नावाचा दंड मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याला जोडलेल्या लांब दंडामार्फत रोटाव्हेटरची वाकडी पाती फिरतात व माती भुसभुशीत करतात. या लांब दंडावर बहुधा एक कातरबोल्ट असतो. पी.टी.ओ.वर ४० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३० किलोवॉट, मिळत असतील तर ५४० फेऱ्यांच्या वेगात दंडावरील पीळ सुमारे ५३० न्यूटन-मीटर असतो. ही झाली नेहमीच्या कामाची गोष्ट. पाते एखाद्या दगडाला किंवा बाभळीच्या मुळाला अडखळले, की इंजिनाच्या जड गतिपालक चक्रात साठलेली सारी गती एका क्षणात त्या दंडावर आदळते, आणि पीळ कित्येक पट वाढतो.

येथे बैलाची आठवण होते. नांगराचा फाळ मुळाला अडला तर ते बैलाला खांद्यावर कळते; तो थबकतो, मागे पाहतो, आणि शेतकरी नांगर उचलून पुढे घालतो. ट्रॅक्टरला खांदा नाही. अडथळा आला हे त्याला कळत नाही, आणि कळेपर्यंत काही तरी मोडलेले असते. कातरखीळ ही या निर्बुद्ध बळाला दिलेली बैलाची समज होय. काही यंत्रांत खिळीऐवजी घसरणारा क्लच बसवितात. जोर जास्त झाला की त्याच्या चकत्या एकमेकींवर घसरतात व अडथळा दूर झाला की पुन्हा पकड घेतात. तो सोयीचा खरा, परंतु महाग. आणि त्याची निगा ठेवली नाही तर गंजून त्याच्या चकत्या एकजीव होतात व तो घसरावयाचेच विसरतो.

रोटाव्हेटरची खीळ वारंवार तुटत असेल तर दोष दगडांनाच द्यावा असे नाही. पुष्कळदा पाती आधी जमिनीत रुतवून मग पी.टी.ओ. चालू करण्यात येतो. थांबलेल्या पात्यांना घट्ट मातीतून एकदम निघावे लागते, आणि पहिल्याच झटक्यात खीळ जाते. वस्तुतः यंत्र किंचित उचलून, पाती कमी वेगात फिरू लागल्यावर, हळूहळू जमिनीत उतरवावयास हवे. कडेला वळताना रोटाव्हेटर पुष्कळ उंच उचलला आणि पाती फिरतीच ठेवली, तर सांध्यांमधला दंड फार तिरपा होतो. त्याचा वेग एकसारखा न राहता हिसके देत कमीजास्त होतो, आणि ते हिसके खिळीलाच सोसावे लागतात. काळी माती ओली असताना पात्यांना चिकटून तिचे गोळे होतात; ‘आज संपवूनच टाकू’ म्हणून त्याच मातीत यंत्र दामटले की पीळ वाढत जातो. अशा वेळी एक दिवस वाफशाची वाट पाहिली तर खीळही वाचते, डिझेलही वाचते. नबीबाग येथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टरचे शिक्षण देणारी संस्था या दोन्ही आपल्यापासून फार दूर नाहीत. शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा.

एक गोष्ट मात्र येथे अधिक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. त्या दंडावर ठरलेल्या आखूड बोल्टऐवजी लांब बोल्ट घातला व त्याचे टोक बाहेर राहिले, तर ते आकड्यासारखे काम करते. उपरण्याचे टोक, साडीचा पदर, सैल सदऱ्याची बाही त्यात अडकली, तर माणसाने ‘अरे!’ म्हणण्याच्या आत दंडाभोवती त्याचे बरेच वेढे बसतात. म्हणून खीळ योग्य लांबीचीच असावी, दंडावरील आवरण जागेवर असावे, आणि खीळ बदलण्यापूर्वी पी.टी.ओ. सोडवून, इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली खिशात घालावी. नुसते ‘न्यूट्रल’ पुरत नाही.

शेतातील ही अडचण ध्यानात आली म्हणजे जमीन व पाणी या दोहोंवर चालणाऱ्या गाडीची अडचण समजणे सोपे जाते. भोपाळसारख्या तलावांच्या शहरात या गाडीविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला आपला मोठा तलाव पावसाळ्यानंतर मागे हटतो तेव्हा काठाला पाऊल रुतेल असा गाळ, पाणवनस्पतींचा गुंता आणि मधूनच दगडगोटे उघडे पडतात. तेथे बोटीला पाणी कमी पडते व मोटारीला जास्त होते. २००६ व २०१६ च्या अतिवृष्टीत शहराच्या सखल वस्त्यांतही हीच अवस्था झाली होती. अशा ठिकाणांसाठीच जलस्थलगामी गाड्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने तशा सहाचाकी मालमोटारी बनविल्या. १९६० नंतरच्या दशकात कॅनडात ‘जिगर’ नावाची लहान सहाचाकी गाडी निघाली, आणि तिच्यामागून त्या जातीच्या अनेक गाड्या आल्या. आपल्या सेनेने घेतलेली ‘अ‍ॅटॉर एन १२००’ ही प्रचंड टायरांची गाडी २०२५ च्या पंजाबातील पुरात लोकांना बाहेर काढण्याच्या कामी आली.

यांतील लहान सहा किंवा आठ चाकी गाड्यांची रचना मोठी गमतीची असते. धड होडीसारखे बंद. टायर फुगीर, आणि मोटारीच्या टायरच्या मानाने त्यांत हवा अगदीच कमी. पुढची चाके वळविण्याची सोय नाही. डावीकडे जावयाचे तर डाव्या बाजूच्या चाकांना लगाम घालावयाचा व उजव्या बाजूची फिरू द्यावयाची, की गाडी घसटत वळते. एका बाजूची सर्व चाके साखळ्यांनी एकमेकांशी जखडलेली, त्यामुळे ती नेहमी सारख्याच वेगाने फिरतात. पाण्यात शिरल्यावर टायरांच्या उंच खाचाच वल्ह्यांचे काम करतात आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते. यांतील काही गाड्यांत प्रत्येक आस आणि त्यावरील दातेरी चाक यांना जोडणारी एकेक कातरखीळ असते.

मग ही खीळ कोठे तुटते? खोल पाण्यात सहसा नाही. पाणी मऊ आहे, चाकाला फारसा विरोध करीत नाही. कोरड्या मऊ गवतावरही नाही. ती तुटते काठावर. गाडी पाण्यातून वर चढू लागते, पाच चाके अजून तरंगत किंवा गाळात फिरत असतात, आणि सहावे चाक एकदम दगडाला पकडते. इतर चाकांवर जोर लागतच नाही. इंजिनाची सारी शक्ती साखळीवाटे त्या एकाच आसाकडे धावते. चालक घाबरून अधिक वेग देतो, आणि खीळ जाते. काठ जवळ आला की वेग कमी करावा, उतार सरळ पाहून समोरून चढावे, तिरपे चढू नये, आणि चाके फिरत असताना एकदम उलट दिशा देऊ नये. पूर्ण थांबावे, मग मागे घ्यावे. निम्म्या खिळी एवढ्यानेच वाचतील असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे कारण फसवे आहे, कारण ते सपाट सडकेवर काम करते. साखळीने जखडलेल्या दोन चाकांपैकी एकाच्या टायरात हवा कमी आहे असे समजा. एकाचा व्यास ५६० मिलिमीटर, दुसऱ्याचा दबून ५५० मिलिमीटर झाला. शंभर मीटर अंतर कापण्यास पहिल्याला सुमारे ५६.८ फेरे लागतील, दुसऱ्याला ५७.९. फरक एका फेऱ्याचा. परंतु साखळी दोघांनाही सारखेच फेरे घ्यावयास लावते! तेव्हा दर शंभर मीटरला कोणत्या तरी चाकाने जवळजवळ पावणेदोन मीटर फरफटत गेले पाहिजे. चिखलात ते सहज फरफटते. कोरड्या डांबरावर टायर घट्ट पकडतो, फरफटावयास तयार होत नाही, आणि साखळी ताणली जाऊन तो सगळा ताण खिळीवर साठत जातो. बिचारी खीळ कोणत्याही दगडाशिवाय, सरळ रस्त्यावर तुटते, आणि मालक कारखान्याला नावे ठेवतो! उपाय किती साधा: सर्व टायरांची हवा सारखी ठेवावी, झिजलेला टायर एकटाच बदलू नये, डांबरी रस्त्यावर फार अंतर चालवू नये, आणि काँक्रीटवर जागच्या जागी गर्रकन वळू नये.

साखळी सैल असेल तर चालू होताना ती आधी मोकळी धावते व मग हातोडीसारखा ठोका देते. खिळीचे भोक झिजून लंबगोल झाले असेल तरी तेच. ठोक्याठोक्याने खीळ वाकते, मधोमध चिरते, आणि मग एखाद्या क्षुल्लक जोराने जाते. भोक झिजले असता नवी खीळ घालणे व्यर्थ आहे. आधी भोक दुरुस्त करून घ्यावे.

पाण्यात जाणाऱ्या गाडीचा आणखी एक शत्रू म्हणजे गंज. खीळ तुटल्यावर दंड व तुंबा एकमेकांवर मोकळे फिरले, तरच तिच्या तुटण्याचा उपयोग. त्यांच्यामध्ये पाणी शिरून गंज धरला, की दोघे एकमेकांना चिकटून बसतात. खीळ तुटली तरी जोर पुढे जातच राहतो, आणि संरक्षण नावालाच उरते. म्हणून तलावातून बाहेर आल्यावर धडातील पाणी काढून टाकावे, आसांभोवती गुंडाळलेल्या वेली सोडवाव्यात, आणि या सांध्यांना ग्रीस द्यावे. रोटाव्हेटरलाही हाच नियम लागू आहे. हंगामाच्या सुरुवातीला खीळ काढून तुंबा हाताने दंडावर फिरतो की नाही ते पाहावे.

सहा चाकांपैकी एकाची खीळ तुटली तर गाडी थांबत नाही, आणि येथेच खरा धोका आहे. जमिनीवर ते चाक इतरांबरोबर गडगडत राहते; चालकाला पत्ताही लागत नाही. परंतु पूर्वी एका बाजूचा भार तीन आसांवर वाटला जात होता, तो आता दोघांवर आला. प्रत्येकाचा वाटा एकतृतीयांशावरून निम्मा झाला, म्हणजे दीडपट! दुसरी खीळ आता लवकरच जाणार. ती जर पुराच्या पाण्याच्या मध्यावर, गाडीत माणसे बसलेली असताना गेली, तर एका बाजूची चाके जवळपास निकामी होऊन गाडी गोल गोल फिरू लागेल, आणि प्रवाह तिला नेईल तिकडे ती जाईल. यासाठी एक युक्ती करता येते. तुंबा व आस यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवावी. पाण्यात उतरण्यापूर्वी सर्व रेघा पाहाव्यात. रेघ अखंड दिसली तर खीळ शाबूत. किंचित सरकलेली दिसली तर खीळ वाकली आहे. अगदीच भलतीकडे गेली असेल तर ती तुटलेली आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि तीत कोणत्याही अवजाराची गरज नाही.

तुटलेल्या खिळीचे तुकडे फेकून देऊ नयेत. ते बोलके असतात. दंड सावकाश फिरवून भोके समोरासमोर आणावीत, सरळ ठोकणीने तुकडे बाहेर काढावेत, पुसावेत, आणि उजेडात धरून पाहावेत. तुटलेला भाग सपाट, ताजा व एकसारखा चकचकीत असेल, तर एकाच मोठ्या झटक्याने ती गेली. दगड, मूळ किंवा चालकाची घाई यांचा शोध घ्यावा. तुकडे वाकलेले, दबलेले, कडा घासलेल्या असतील, तर भोके सैल आहेत किंवा साखळी ढिली आहे. आणि छेदाचा काही भाग काळपट, गंजलेला, शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषांचा, व उरलेला भाग तेवढा ताजा असेल, तर चीर फार दिवसांपासून हळूहळू वाढत होती असे समजावे. अशा वेळी बाकीच्या खिळीही काढून तपासाव्यात, कारण त्यांचेही वय तेवढेच झालेले असते.

नव्या खिळी कारखान्याने सांगितलेल्या व्यासाच्या, लांबीच्या आणि दर्जाच्याच घ्याव्यात, व पाचसहा जादा आणून ठेवाव्यात. त्या खिशात किल्ल्यांबरोबर किंवा इतर बोल्टच्या ढिगात ठेवल्या तर ऐन वेळी भलताच बोल्ट हाती येतो. झाकण घट्ट बसणारी एखादी पत्र्याची डबी घ्यावी, आत तेलाचा बोळा ठेवावा, झाकणावर रंगाने व्यास आणि दर्जाचा आकडा लिहावा, आणि ठोकणी व लहान हातोडी यांसह ती डबी यंत्रावरच बांधून टाकावी.